लाल वाडग्यातले तुकडे

फेब्रुवारी लागला की थेरगावातल्या आमच्या गल्लीचा आवाज बदलतो. डांगे चौकाकडून येणारे हॉर्न तेवढेच कर्कश असतात, शिवजयंतीच्या ढोलांचा सरावही दणक्यात चालू असतो, पण बिल्डिंगच्या जिन्यात मात्र माणसं हळू बोलायला लागतात. कारण कुणाच्या ना कुणाच्या घरी दहावी असते. यंदा ती दुसऱ्या मजल्यावर आहे. सकाळी दूध आणायला उतरलो की त्या दारातून पाठांतराचा गुणगुणाट येतो, मध्येच आईचा आवाज येतो, दोन घास तरी खाऊन जा गं. आणि माझे पाय तिथेच अडतात. हातात दुधाची पिशवी घेऊन दुसऱ्याच्या दाराशी उभं राहणं शोभत नाही, हे मला कळतं. तरी थांबतो. मग वर येऊन बायकोला, सुलभाला, विचारतो, माळ्यावरचं ते मशीन काढू का? ती म्हणते, काढा, काढल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार आहे का?

ते मशीन म्हणजे वॉफल करायचं मशीन. माझ्यासारख्या लातूरकडच्या, भाकरीवर वाढलेल्या माणसाच्या माळ्यावर ते कसं आलं, असं कुणालाही वाटेल. आलं ते दिवाळीच्या भेटीतून. चाकणच्या कंपन्यांत दिवाळीला मिठाईच्या पुड्याबरोबर काहीतरी वस्तू देतात. कधी कुकर, कधी डब्यांचा सेट, एकदा तर सुटकेस. सुलभाच्या कंपनीनं त्या वर्षी सँडविच भाजायचं मशीन दिलं. त्यात बदलायच्या, वर-खाली बसवायच्या जाळ्यांच्या जोड्या होत्या. एक सँडविचची, एक ग्रिलची आणि एक चौकोनी खड्ड्यांची. सँडविचची वापरली. खड्ड्यांची जाळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली तशीच पडून होती, कारण तिचं काय करायचं असतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते आमच्या मनूला. तिची दहावी त्या वर्षी होती.

मनू म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. हुशार, पण फार मनाला लावून घेणारी. त्या मोसमातल्या सकाळी मला अजून अंगावर आठवतात. पहाटे पवनेवरून धुकं यायचं आणि खिडकीच्या काचा ओल्या व्हायच्या. समोरच्या पिंपळाची पानं गळत असायची, त्यामुळे रस्ता झाडणाऱ्या बाईंच्या खराट्याचा आवाज रोजच्यापेक्षा जास्त वेळ चालायचा. दुपार झाली की अचानक ऊन चावायला लागायचं. स्वेटर आणि ताक एकाच दिवशी लागणारा असा तो मोसम. घरात झेरॉक्सच्या कोमट कागदाचा वास, आणि माझ्या कपड्यांना टूलरूमच्या तेलाचा, जो कितीही धुतला तरी जात नाही.

पोरीची दहावी म्हणून आम्ही दोघांनी आपापल्या सुपरवायझरच्या हातापाया पडून शिफ्टा मागून घेतल्या होत्या. सुलभा फर्स्टला, मी सेकंडला. म्हणजे सकाळी घरात बाप आणि संध्याकाळी आई. योजना फारच उत्तम होती. फक्त त्यात एक गोष्ट आम्ही धरली नव्हती, ती म्हणजे पोरगी सकाळी काही खाईनाच.

आधी वाटलं नखरे आहेत. या वयात असतात. मग पूर्वपरीक्षा आली आणि बीजगणिताच्या पेपरला ती बाकावरच कोसळली. शाळेतून फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो. तसाच रिक्षा करून पळालो. पोरगी शिक्षकांच्या खोलीत बसलेली, ओठ पांढरे, हातात कुणीतरी दिलेलं लिंबू सरबत, आणि डोळ्यांत पेपर अर्धा राहिल्याचं पाणी. डॉक्टरांनी सगळं तपासलं. आजार काही नाही म्हणाले. रात्रीपासून दुपारपर्यंत पोट रिकामं ठेवून कुणीही पडेल, हिला सकाळी खायला घाला.

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. खायला घाला म्हणणं सोपं आहे हो. मी चंगच बांधला. पोहे केले. उपमा केला. सुलभा फर्स्टला जायच्या आधी थालीपीठं थापून जायची. शिरा झाला, घावन झाले, दुधात पोळी कुस्करून झाली. मनू बसायची शहाण्यासारखी. घास उचलायची, तोंडात घालायची, आणि तो घास तोंडात नुसता फिरायचा. खाली उतरायचाच नाही. मग उठून बेसिनकडे पळायची. मी दाराबाहेर उभा राहून विचारायचो, बरं वाटतंय का गं? आतून नळाचा आवाज यायचा.

माझा जीव टांगणीला लागला होता, हे सरळच सांगतो. कंपनीत मशीनवर उभा असलो तरी डोळ्यांसमोर ते पांढरे ओठ. बोर्डाच्या पेपरला हे झालं तर? पोरीचं वर्ष जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की ती पुन्हा पडली तर तिचा स्वतःवरचा भरवसाच जाईल, आणि तो परत कुठल्या दुकानात मिळत नाही.

अशात एके सकाळी मी तिला विचारलं, बाई, तू सांग तुला काय खावंसं वाटतं, मी करतो. तिनं पान उलटलं. मग पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "वॉफल." बहुधा बापाला गप्प करायलाच म्हणाली असणार. वाकडला मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती तेव्हा तिनं ते खाल्लं होतं. घरी येऊन दोन दिवस त्याच्याबद्दल बोलत होती. तिला वाटलं, बाबा म्हणतील हे काय खूळ, आणि विषय संपेल.

तिनं बापाला ओळखलं नव्हतं. मी फोनवर वॉफलचं चित्र पाहिलं, आणि ते खड्डे बघितल्याबरोबर स्टूल घेऊन माळ्यावर चढलो.

आता माझ्या कामाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा गोंधळ कळणार नाही. मी टूलरूमचा माणूस. गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे दुरुस्त करायचे, घासूनपुसून आरशासारखे करायचे, हे माझं आयुष्यभराचं काम. त्यामुळे वॉफलचं मशीन उघडून त्या दोन जाळ्या पाहिल्या आणि मला हसूच आलं. हा तर साचा. वरचा भाग, खालचा भाग, मध्ये माल भरायचा, बंद करायचा, शिजला की काढायचा. म्हटलं, हे तर आपल्या हातचा मळ.

पहिल्या दिवशी कणीक, रवा, दूध, अंडं, साखर असं फोनवर बघून भिजवलं. मशीन तापवलं, पीठ ओतलं, झाकलं. वास छान सुटला. झाकण उघडलं तर वॉफल मधोमध फाटलं. अर्धं वरच्या जाळीला, अर्धं खालच्या. दुसरं तसंच. तिसरं तर इतकं चिकटलं की उलथन्याच्या टोकानं उकरून काढावं लागलं.

आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. खराब निघालेला माल लाल क्रेटमध्ये टाकायचा. चांगल्या मालात तो चुकूनही मिसळता कामा नये. लाल क्रेटमध्ये जे गेलं ते गेलं, त्याच्याकडे पुन्हा कुणी वळून बघत नाही. हाताला ही सवय इतकी लागलेली की घरातही मी ओट्यावरचा लाल प्लॅस्टिकचा वाडगा पुढे ओढला आणि ते तुकडे त्यात टाकत गेलो. प्रत्येक तुकड्याला तोंडातून आपोआप निघायचं, छे, हेही गेलं, रिजेक्ट. मनू ओट्याशी टेकून, एक पाय दुसऱ्यावर ठेवून इतिहास वाचत होती. तिच्यासमोर फजिती झाल्यामुळे मी तिच्याकडे बघितलंच नाही. शेवटी तिला म्हणालो, उद्या नक्की. ती मानेनंच बरं म्हणाली आणि क्लासला गेली. दुपारी डबा भरताना लाल वाडगा रिकामा दिसला. सुलभा उरलंसुरलं खिडकीत कावळ्यांना घालते, म्हणून मी काही विचार केला नाही. पण सुलभा तर फर्स्टला गेलेली होती. एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही, म्हणजे बघा माझं डोकं कुठं होतं ते.

असे तीन-चार दिवस गेले. रोज फाटणार, रोज वाडग्यात जाणार, रोज मी मशीनला चार शिव्या हासडणार. कंपनीत दत्ताभाऊला सांगितलं. दत्ताभाऊ माझ्या शेजारच्या बेंचवरचा, चाकणजवळच्या गावातला, घरची जमीन कंपन्यांत गेली आणि हा त्याच कंपन्यांत कामाला लागला. तो चहा पिता पिता म्हणाला, आरं भावा, माल चिकटतोय म्हंजी काय, साचा घास की. तुला मी सांगाया पायजे व्हय?

आणि खरंच की! प्लॅस्टिक साच्याला चिकटलं तर आम्ही काय करतो? साचा घासतो. पॉलिश पेपरनं, आधी जाड, मग बारीक, मग पेस्ट लावून कापडानं, तोंड दिसेपर्यंत. इतकी वर्षं तेच केलं आणि घरच्या साच्याला ते सुचलं नाही, म्हणून मी स्वतःलाच नावं ठेवली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी गॅलरीत बसलो. जाळीवर काळा थर होता. मला वाटलं हा काय भिकार रंग दिलाय, म्हणूनच चिकटतंय. एकेक खड्डा काडीला पेपर गुंडाळून घासला. बोटं भरून आली. संध्याकाळपर्यंत सगळा काळा रंग गेला आणि आतून लखलखीत ॲल्युमिनियम निघालं. साबणानं धुतलं, उकळत्या पाण्यात घातलं, पुन्हा धुतलं. त्यात माझी मिशी दिसत होती.

सुलभा भाजी घेऊन आली तेव्हा मी ती जाळी तिच्यापुढे अशी धरली, जणू काही सोन्याचा हार केलाय. तिनं पिशवी खाली ठेवली. जाळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "अहो, न चिकटायचा थर होता तो. तुम्ही तवा सोलून काढलात."

माझा चेहरा पडला. तरी मी हेका सोडला नाही, म्हटलं सकाळी बघूच. सकाळी पीठ जे जाळीत गेलं ते जाळीचंच झालं. उलथनं, चमचा, शेवटी लाकडी काडी, काय काय वापरून ते खरवडलं. लाल वाडगा काठोकाठ भरला. मनू शेजारी भूगोल वाचत उभी होती, आणि मला वाटतं ती त्या दिवशी हसत होती, पण मला वर बघायचं धाडस नव्हतं.

हे सगळं आठवताना एक गोष्ट मला नेहमी बोचते. त्या दिवसांत मी जाळीकडे किती बारकाईनं पाहत होतो! एकेक खड्डा ओळखीचा झाला होता. आणि हातभर अंतरावर पोरगी उभी होती, तिच्याकडे बघायचं राहूनच जात होतं. पण मग वाटतं, न बघितलं तेच बरं झालं. ते कसं, ते पुढे येईलच.

सुलभा मूळची कोकणातली, संगमेश्वरकडची. तिच्या माहेरी घावन बिडाच्या तव्यावर करतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड, नवा तवा आणला की आधी त्याला तेल पाजून पाजून तयार करायचा, नाहीतर एक घावन सुटणार नाही. त्या संध्याकाळी तिनं कांदा अर्धा कापला, काट्याला टोचला, तेलात बुडवला आणि तापलेल्या जाळीवर खड्ड्याखड्ड्यातून फिरवला. धूर झाला. घरभर जळक्या कांद्याचा वास. जाळी निवू दिली, पुन्हा तापवली, पुन्हा कांदा. असं ती रोज कामावरून आल्यावर करायची, पाय दुखत असले तरी. लखलखीत ॲल्युमिनियम हळूहळू पिवळं, मग तांबूस झालं. मधल्या सकाळी माझं फाडणं आणि खरवडणं चालूच होतं, पण तुकडे रोज थोडे मोठे निघायला लागले. मग तिनं माझं पीठ पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मोहन कुठंय यात? मोहन म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तूप किंवा तेल. मी ते घातलंच नव्हतं. पोरीला हलकं पडावं म्हणून.

रविवार आला. त्या रविवारची सकाळ माझ्या डोळ्यांपुढे अजून तशीच्या तशी आहे. खिडकीतून तिरपं ऊन, ओट्यावर लोण्याची वाटी, गावाकडून आलेल्या काकवीची बाटली. सुलभा घरी होती. पीठ ओतलं, झाकलं, वाफ थांबेपर्यंत थांबलो, झाकण उचललं, आणि वॉफल सुटलं हो! सगळंच्या सगळं, चारी कडा शाबूत, प्रत्येक खड्डा नीट. आयुष्यात एवढे साचे केले, पण त्या वेळी झाला तेवढा आनंद कधी झाला नव्हता. ताटलीत ठेवलं, वर लोणी, त्यावर काकवी, ती खड्ड्याखड्ड्यात साचली. टेबलावर तिघांची पानं मांडली. लाल वाडगा धुऊन पालथा घातला, कारण आता त्याचं काम नव्हतं.

मनू बसली. आम्ही दोघंही बसलो आणि तिच्याकडे बघायला लागलो. तिनं काट्यानं कोपरा मोडला. तोंडात घातला. चावला. चावत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी ती चावतच होती. शेवटी तिनं काटा खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघता," ती म्हणाली. "घास गिळायचाही पेपरच असल्यासारखं वाटतं."

आणि आत निघून गेली. मी ताटलीकडे बघत बसलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मरमर केली, बोटांची सालं गेली, आणि हिला एक घास जाईना! सुलभा म्हणाली, तिच्यावर चिडू नका. मी म्हटलं, चिडलो नाही. चिडलो तर होतोच, पण त्याच्या खाली नुसती भीती होती. परीक्षा आता पुढच्याच आठवड्यात होती आणि माझ्याजवळ नवं काही उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी पुन्हा मशीन लावलं. का लावलं, सांगता येणार नाही. हात रिकामे बसवेनात म्हणून. सुलभा कामावर गेलेली. मनू नेहमीप्रमाणे ओट्याशी येऊन पुस्तक उघडून उभी राहिली. पहिलं वॉफल अख्खं निघालं, ते ताटलीत ठेवलं. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरं काढताना घाई झाली आणि त्याचा कोपरा तुटला. मी सवयीनं लाल वाडगा सरळ केला, तुकडा त्यात टाकला, म्हटलं, छे, हेही गेलं, रिजेक्ट. आणि पुढचं पीठ ओतायला वळलो. पीठ ओतायचा डाव मागे राहिला होता म्हणून अर्धवट मान वळवली, तर काय दिसावं! मनूचा हात वाडग्यात होता. डोळे पुस्तकात, ओठ पाठांतर पुटपुटत असलेले, आणि हात आपला आपण वाडग्यातून तोंडाकडे चाललेला. तुकडा तोंडात गेला. चावला. गिळला. हात परत वाडग्यात, तिथं काही नव्हतं, बोटांनी तळ चाचपून बघितला.

मी जागच्या जागी थिजलो. कावळे बिचारे निर्दोष होते! इतके दिवस माझी पोरगी माझ्या पाठीमागे, माझं सगळं खराब झालेलं खाऊन, धडधाकट क्लासला जात होती. ती ताटातलं खाऊ शकत नव्हती, कारण ताटाकडे सगळ्यांचे डोळे असायचे. लाल वाडग्याकडे कुणाचे डोळे नव्हते. त्यात जे होतं त्याच्यावर कुणाची आशा नव्हती.  वळून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण वळलो असतो तर सगळंच संपलं असतं. मी नाही वळलो.

पुढचं वॉफल जाळीत शिजत होतं, आणि सुलभाच्या कांद्यानं ती जाळी अशी तयार झाली होती की ते अख्खंच निघणार हे मला माहीत होतं. मी वाफ थांबायच्या आधीच झाकण उचकटलं. जोरात. ते फाटलं. तुकडे वाडग्यात टाकले आणि म्हटलं, छे, हेही गेलं. मागे पान उलटल्याचा आवाज आला आणि चावल्याचाही.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात लाल क्रेट रिकामा राहावा म्हणून घाम गाळला, त्यानं हातानं मुद्दाम माल बिघडवायचा, हे सोपं नाही. पहिले दोन दिवस माझा हात धजेना. झाकण वेळेआधी उचलायचं म्हणजे दातांखाली खडा आल्यासारखं व्हायचं. पण मग मी त्याचंही तंत्र बसवलं. किती कच्चं असताना उघडलं की चिकट न राहता नेमकं फाटतं, कुठून ओढलं की घासाएवढे तुकडे होतात. लोणी आणि काकवी आधीच पिठात घालायला लागलो, कारण खराब मालावर कुणी लोणी लावत नाही. दत्ताभाऊला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, म्हंजी भावा, तू आता रिजेक्शनबी क्वालिटीचं काढतोस.

परीक्षेच्या प्रत्येक सकाळी हेच. धुकं कमी होत चाललेलं, आंब्याच्या मोहोराचा वास कुठून तरी यायचा, खाली रिक्षा येऊन थांबायची. मी ओट्याकडे तोंड करून मशीनवर चिडचिड करायचो, हे भिकारडं मशीन, याला मोडीत घालतो आता. मागे वाडगा रिकामा होत जायचा. मी मोजून मापून चिडायचो. ती निघताना मी पाठीनंच म्हणायचो, नीट लिही. दार लागलं की वळायचो आणि आधी वाडगा बघायचो.

एकाही पेपरला ती पडली नाही. शेवटच्या पेपरहून आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, बाबा, भूक लागलीये. मी पोळी-भाजी वाढली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तिला हे मी कधी सांगितलं नाही. सुलभालाही सांगू दिलं नाही. काही गोष्टी उघड केल्या की त्यांचा जोर जातो. मनू पुढे शिकली, आता हिंजवडीत नोकरी करते, वाकडला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. तिथे खाली वॉफलचं दुकानच आहे म्हणे. इथे मात्र दर फेब्रुवारीत जाळी माळ्यावरून उतरते, तिला कांद्यातेलाचा हात फिरतो, आम्ही दोघं एखाद्या रविवारी अख्खं वॉफल खातो आणि ठेवून देतो.

यंदाचा फेब्रुवारी वेगळा आहे. जानेवारीत मी निवृत्त झालो. शाल, नारळ, भाषणं, दत्ताभाऊ रडला. दुसऱ्या दिवशीही पहिल्यासारखी जाग आली, उठून दाढी केली, आणि मग कळलं की कुठं जायचं नाही. सुलभा अजून कामावर जाते, जनरल शिफ्टला. ती माझ्यापुढे नाश्ता ठेवते आणि निघायच्या आधी माझ्याकडे बघत उभी राहते. मी घास घेतो. तो तोंडात फिरतो. खाली उतरत नाही. मी तिला म्हणतो, तू जा, मी खातो सावकाश. ती जाते, आणि संध्याकाळी ताटली तशीच सापडली की तिचा चेहरा उतरतो. किती दिवस असं चाललं होतं, मला सांगवत नाही. पँटला पट्टा आवळावा लागला एवढं खरं.

सुलभानं फोन केला असणार. परवाच्या रविवारी मनू सकाळी सकाळी गाडीवर आली, हेल्मेट ठेवलं आणि म्हणाली, मला वॉफल खायचंय, पण आज मी करणार, तुम्ही बसा पेपर वाचत. मी ओट्याच्या कडेला खुर्ची घेऊन बसलो, पेपर उघडला. पीठ ओतल्याचा आवाज आला, झाकण बसलं, वास सुटला. माझं लक्ष पेपरात नव्हतं, दुसऱ्या मजल्यावरचं पाठांतर ऐकू येत होतं.

झाकण उघडलं. इतक्या वर्षांत जाळी अशी तयार झाली आहे की वॉफल सुटताना आवाजही होत नाही. मला पेपराआडूनच कळलं की ते अख्खं निघालं आहे. मग माझ्या कोपराशी काहीतरी सरकलं. लाल वाडगा. त्यात गरम तुकडे होते. मी साच्यांचा माणूस आहे, चिकटून फाटलेली कड कशी असते आणि हातानं मोडलेली कशी, हे मला सांगावं लागत नाही. त्या सगळ्या कडा हातानं मोडलेल्या होत्या.

मनू माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिनं नवं पीठ ओतलं आणि भिंतीकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "छे, हेही गेलं. रिजेक्ट."

पेपरातली अक्षरं मला दिसेनाशी झाली. तिला कळत होतं. तेव्हाही, त्या प्रत्येक सकाळी, तिच्याही बोटांना माझ्या मुद्दाम फाडलेल्या कडा कळल्या असणार. मी पेपर तसाच धरून ठेवला आणि हात वाडग्यात घातला. तुकडा तोंडात टाकला. चावला. घास खाली उतरला. मी दुसरा उचलला, मग तिसरा.

ती वळली नाही.